पासवर्ड कोणी बदलायचा?

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे एक ई-मेल आला होता. स्फोटांची जबाबदारी त्यात आधीच घेतलेली होती. तपास यंत्रणांनी तो ज्या आयपी पत्त्यावरून निघाला त्याचा माग काढला, तेव्हा त्या नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी पोचल्या. तिथे एक अमेरिकी नागरिक कुटुंबासह राहत होता आणि त्याच्या घरातल्या वाय-फायला पासवर्ड नव्हता. राउटरच्या टप्प्यात बसून कोणीही त्याचे इंटरनेट वापरू शकत होते, आणि तसेच कोणीतरी ते वापरले होते. त्या माणसाचा कटाशी संबंध नाही हे यथावकाश स्पष्ट झाले, पण तोवर घराची झडती, चौकशा आणि वर्तमानपत्रांचे मथळे हे सगळे त्याच्या वाट्याला येऊन गेले होते. पुढच्या दोन महिन्यांत हीच युक्ती आणखी दोनदा वापरली गेली. ऑगस्टमधला ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वाय-फायवरून निघाला, तर सप्टेंबरमधला, म्हणजे दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा, चेंबूरच्या एका खासगी कार्यालयाच्या वाय-फायवरून.

या तीन ई-मेलनंतर महाराष्ट्रात घरच्या वाय-फायविषयी जे बोलले गेले, त्याचा रोख एकच होता: ग्राहक बेफिकीर असतात, त्यांना शहाणे करायला हवे. आज सतरा-अठरा वर्षांनी आपल्या इमारतीत फोन उघडून आसपासची नेटवर्क पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक नावापुढे कुलपाचे चिन्ह दिसते. त्यावरून ग्राहक शहाणे झाले, असा निष्कर्ष सहज निघेल. तो मला चुकीचा वाटतो. घरगुती राउटरचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर ग्राहक जवळपास होता तिथेच आहे. बदलली ती खोक्यातून निघणाऱ्या यंत्राची पहिली अवस्था. जिथे कारखान्याने निर्णय घेतला तिथे सुधारणा झाली. जिथे तो घरमालकावर सोडला, तिथे २००८ ची परिस्थिती बरीचशी तशीच राहिली.

सुरुवात मोकळेपणातूनच झाली होती. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने मे १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे परवान्याशिवाय दळणवळणासाठी वापरू द्यायचे ठरवले. त्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तोवर मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारख्या उपकरणांचा होता. दळणवळणाच्या दृष्टीने ती पडीक जमीनच, म्हणून तर ती इतक्या सहज मोकळी झाली. १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिले मानक आले. त्याचा वेग सेकंदाला एक ते दोन मेगाबिट एवढाच होता. १९९९ मध्ये ८०२.११बी आले, वेग अकरापर्यंत गेला आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने आयबुक या लॅपटॉपसोबत घरात ठेवायचे एअरपोर्ट स्थानक बाजारात आणले. भारतात मात्र १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांची छाया होती. साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टात शुल्क भरून परवाना काढायचा, हे ज्यांनी केले आहे अशी पिढी अजून आपल्यात आहे. त्यामुळे घरात स्वतःचे प्रक्षेपक यंत्र लावायची मुभा ही इथे लहान गोष्ट नव्हती. ती २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने मिळाली; त्या दिवशी केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. त्याच महिन्यात बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली होती, आणि आदल्या वर्षीच्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट अशी व्याख्या केली होती. म्हणजे सानपाड्याच्या घटनेच्या वेळी घरचे वाय-फाय ही या देशात जेमतेम साडेतीन वर्षांची कायदेशीर वस्तू होती. तिच्याबद्दल लोकांना पुरेसे कळत नव्हते, याचे आश्चर्य वाटायला नको.

या यंत्राला उघडे ठेवायचा निर्णय ग्राहकाने घेतलेला नव्हता. लिंकसिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राउटर २००२ च्या अखेरीस आला आणि जगभर खपला. तो चालू केला की ‘लिंकसिस’ नावाचे नेटवर्क पासवर्डाशिवाय हवेत सोडत असे. डी-लिंकच्या अनेक यंत्रांच्या नेटवर्कचे नाव नुसते ‘डीफॉल्ट’ असे. कारण उघड होते. खोके उघडले, वायर जोडली आणि इंटरनेट आले नाही, तर ग्राहक कंपनीला फोन करतो किंवा यंत्र दुकानात परत नेतो, आणि दोन्हींत कंपनीचे पैसे जातात. वाय-फाय उघडे ठेवले तर तक्रार येत नाही. नुकसान झालेच तर ते दुसऱ्याचे. शिवाय त्या काळी सुरक्षा चालू करायची म्हणजे खरोखरच शिक्षा होती. डब्ल्यूईपी नावाच्या पहिल्या पद्धतीत दहा किंवा सव्वीस अंकाक्षरांची षोडशमान किल्ली प्रत्येक संगणकात हाताने भरावी लागे. इतके करूनही हाती फारसे काही लागत नसे. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे मूळ किल्ली ४० बिटांपुरती ठेवलेली होती. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी पद्धतीच्या मुळातलाच दोष दाखवला, तेव्हा किल्ली लांब करूनही उपयोग नाही हे सिद्ध झाले. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठातल्या संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली मिनिटाभरात काढून दाखवली. ज्या ग्राहकाने माहितीपुस्तिका वाचून इमानेइतबारे डब्ल्यूईपी लावले, तो आणि ज्याने काहीच केले नाही तो, यांच्यात निर्धाराने आलेल्या माणसासाठी एका मिनिटाचे अंतर होते.

याला जोडून राउटरचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवे, कारण सानपाड्यात गोष्ट त्यावरच अडली. घरातली सगळी उपकरणे राउटर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे उभी करतो. १९९० च्या दशकात आयपी पत्ते अपुरे पडू लागले म्हणून काढलेली ही सोय. बाहेरून पाहणाऱ्याला घर दिसते, घरातला माणूस दिसत नाही. जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेला परका तर मुळीच नाही. पोलिसांच्या दृष्टीने पत्ता म्हणजे पुरावा, आणि तंत्राच्या दृष्टीने तो केवळ टपाल पोचवण्याचे ठिकाण. या फरकाची किंमत पत्त्याच्या मालकाने मोजायची, असे कुठे लिहिलेले नव्हते, पण व्यवहारात तसेच झाले.

२००३ मध्ये डब्ल्यूपीए ही तात्पुरती दुरुस्ती आली, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ हे पक्के मानक आले आणि मार्च २००६ पासून वाय-फायचे प्रमाणपत्र हवे असेल तर डब्ल्यूपीए२ ची क्षमता यंत्रात असणे सक्तीचे झाले. क्षमता असणे आणि ती चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सानपाड्याचा ई-मेल यानंतर दोन वर्षांनी गेला. खरा फरक पुढच्या काही वर्षांत पडला. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देऊन, तो तळाच्या स्टिकरवर छापून, सुरक्षा चालू करूनच राउटर पाठवायची पद्धत इंटरनेट कंपन्यांनी आणि उत्पादकांनी हळूहळू स्वीकारली. विग्ल नावाचा एक स्वयंसेवी प्रकल्प २००१ पासून जगभरच्या वाय-फाय नेटवर्कची नोंद ठेवतो. त्याच्या आलेखांत उघड्या नेटवर्कचा वाटा एखाद्या गाजलेल्या घटनेनंतर एकदम कोसळत नाही. तो वर्षानुवर्षे संथपणे उतरतो, आणि डब्ल्यूपीए२ चा वाटा तसाच संथपणे चढतो. लोक जागे झाल्यावर असा आलेख निघत नाही. जुनी यंत्रे मोडीत निघून त्यांच्या जागी नवी आली की तो असा निघतो.

यावर कोणी म्हणेल की संथ बदल हा संथ जागृतीचाही असू शकतो. आक्षेप रास्त आहे, आणि त्याची परीक्षा घ्यायची सोय राउटरमध्येच आहे, कारण त्याला दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायला जोडून घेण्याचा. दुसरा राउटरच्या कारभाराचा: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असे काही टाकले की जे पान उघडते, त्याचा. पहिला कारखान्याने सांभाळला, दुसरा कित्येक वर्षे ग्राहकावर सोडला. लोक खरोखर जागरूक झाले असते, तर दोन्ही बदललेले दिसायला हवे होते. दिसले ते असे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांपलीकडे फारसे हत्यार नव्हते. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे आयपी पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत तासन्‌तास कोलमडल्या. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, आपल्या शेजारच्या कर्नाटकात बीएसएनएलचे सुमारे ६० हजार मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले. पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन’, नावही ‘अ‍ॅडमिन’. हल्ल्यानंतर ग्राहकांना आवाहन करण्यात आले की पासवर्ड बदला. म्हणजे त्याच घरात, त्याच डब्यात, कंपनीने लावून दिलेला पासवर्ड मजबूत आणि ग्राहकाने बदलायचा तो जसाच्या तसा. जागृतीचा सिद्धान्त याचे उत्तर देऊ शकत नाही.

मुंबई पोलिसांनी २००९ च्या जानेवारीत जे केले, ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. पोलिसांनी लॅपटॉप घेऊन फिरायचे, उघडे वाय-फाय शोधायचे आणि मालकाला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली ते सुरक्षित करण्याची नोटीस द्यायची, अशी ती मोहीम होती. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानेही इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या आणि वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख केंद्रीय पातळीवर पटवून घ्यायला सांगितले. सार्वजनिक ठिकाणी मोबाइलवर येणारा क्रमांक टाकून वाय-फाय मिळवायची जी रीत आपल्या अंगवळणी पडली आहे, ती याच वळणाची. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्याला दोन महिनेही झालेले नव्हते, तेव्हा पोलिसांच्या तत्परतेची कोणी थट्टा करू नये. पण त्या मोहिमेने एक गृहीतक पक्के केले: उघडे वाय-फाय ही मालकाची चूक. ज्या कारखान्याने ते उघडे बनवून विकले आणि ज्या कंपनीने ते तसेच जोडून दिले, त्यांच्या दारात कलम १४९ पोचले नाही.

‘वस्तू ज्याची, जबाबदारी त्याची’ हे तत्त्व ऐकायला सरळ वाटते, आणि जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये तेच उचलून धरले होते. एक माणूस सुट्टीवर गेला असताना त्याच्या वाय-फायवरून कोणीतरी एक गाणे बेकायदा वाटले. त्याने राउटरला स्वतःचा पासवर्ड घातलेला नव्हता, कारखान्यातली मांडणी तशीच ठेवली होती. न्यायालयाने नुकसानभरपाई लावली नाही, पण राउटर विकत घेतेवेळी प्रचलित असलेली सुरक्षा त्याने लावायला हवी होती, असे म्हणून अंशतः त्यालाच जबाबदार धरले. सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, त्याच न्यायालयापुढे जवळपास तसेच प्रकरण आले. या वेळी गाण्याऐवजी चित्रपट होता आणि राउटरच्या पाठीवर कारखान्यातून छापून आलेला सोळा अंकी पासवर्ड होता. घरमालकिणीने तो बदललेला नव्हता. न्यायालयाने सांगितले की प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड असेल, तर तो बदलण्याचे बंधन ग्राहकावर नाही. दोन्ही प्रकरणांतल्या माणसांनी एकच गोष्ट केली होती: डबा जसा आला तसा लावला. पहिला दोषी ठरला, दुसरी सुटली. त्यांच्या वागण्यात फरक नव्हता, स्टिकरमध्ये होता. ग्राहकाच्या जबाबदारीचे मोजमाप कारखान्याच्या निर्णयावर किती अवलंबून असते, याचा याहून चांगला पुरावा कायद्याच्या पुस्तकांत सापडणे कठीण.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो, आणि मला तो अधिक आदरणीय वाटतो. वाय-फायला पासवर्ड हवाच कशाला? सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी जानेवारी २००८ मध्ये जाहीरपणे लिहिले होते की ते घरचे वाय-फाय उघडे ठेवतात, कारण पाहुण्याला इंटरनेट देणे हा साधा शिष्टाचार आहे. बर्लिनमधल्या फ्रायफुंक या चळवळीने तर उघड्या वाय-फायचे शहरभर जाळे विणले. आपल्याकडे ही वृत्ती नवी नाही. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे त्या काळात शेजाऱ्यांचा फोन हाच आपला फोन असे, आणि तो नंबर पुढे ‘पी.पी.’ लिहून लग्नपत्रिकेवरही छापला जाई. मग शेजाऱ्याचे वाय-फाय वापरले तर बिघडले कुठे? बिघडले ते असे की पी.पी. फोनवर बोलणारा शेजाऱ्याच्या बैठकीत उभा असे; कोण आले, किती वेळ बोलले, आवाज चढला का, हे घरच्यांना दिसे आणि ऐकू येई. त्या उदारपणाला डोळे होते. उघड्या वाय-फायवरचा पाहुणा दिसत नाही, आणि त्याने केलेले सगळे यजमानाच्या नावावर लिहिले जाते. श्नायर यांनी हा धोका समजूनउमजून पत्करला होता. सानपाड्यातल्या माणसापुढे तसा पर्याय कोणी ठेवलाच नव्हता. शेजारधर्म ज्यांना पाळायचा आहे त्यांच्यासाठी आजच्या राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क असते. ते कितीजण चालू करतात, हे मात्र पुन्हा कारखान्यावरच येऊन ठेपते.

कारखान्यावर भिस्त ठेवायची म्हणजे कारखान्याच्या चुकाही पदरात घ्यायच्या, हे मान्य करावे लागेल. २००७ मध्ये वाय-फाय उद्योगाने डब्ल्यूपीएस ही सोय आणली. लांब पासवर्ड टाकण्याऐवजी बटण दाबा किंवा आठ अंकी पिन भरा. २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक यांनी दाखवले की राउटर त्या पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक तर नुसता पडताळ्याचा असतो. त्यामुळे दहा कोटी शक्यतांऐवजी फक्त ११ हजार प्रयत्न पुरतात. लाखो घरांतले मजबूत पासवर्ड या मागच्या दाराने निरुपयोगी झाले, आणि तेही ग्राहकाने काहीच न करता. थॉमसनच्या स्पीडटच राउटरची गोष्ट याहून गमतीची. पासवर्ड प्रत्येक डब्याला वेगळा होता खरा, पण तो आणि नेटवर्कचे नाव दोन्ही एकाच अनुक्रमांकावरून गणिताने काढलेले होते, त्यामुळे २००८ पासून नाव वाचून पासवर्ड शोधता येऊ लागला.

भारतात या साखळीत आणखी एक कडी आहे, आणि माझा युक्तिवाद तिच्यासाठी थोडा दुरुस्त करावा लागतो. आपल्याकडे डबा ग्राहक उघडत नाही. फायबर घेऊन येणारा केबलवाला किंवा कंपनीचा मुलगा उघडतो, ‘मॅडम, पासवर्ड काय ठेवू?’ असे विचारतो आणि उत्तर यायला वेळ लागला की ग्राहकाचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. स्टिकरवरचा बरा पासवर्ड जाऊन त्या जागी दहा आकडे येतात. हे किती तकलादू आहे ते २०२१ मध्ये तेल अविवमध्ये दिसले. तिथे सायबरआर्क या कंपनीतल्या एका संशोधकाने शहरातून फिरत पाच हजार वाय-फाय नेटवर्कच्या खुणा गोळा केल्या आणि ७० टक्क्यांचे पासवर्ड उलगडले, कारण तिथेही मोबाइल नंबर हाच लोकप्रिय पासवर्ड होता. त्याचे यंत्र सेकंदाला सुमारे ६८ लाख पासवर्ड तपासत होते. भारतीय मोबाइल नंबर ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. भागाकार केला तर तेच यंत्र आपला कुठलाही असा पासवर्ड दहा मिनिटांच्या आत काढेल. तेव्हा इथे निर्णय कारखान्याचा म्हणण्यापेक्षा डबा पहिल्यांदा चालू करणाऱ्याचा म्हणणे अधिक अचूक, आणि तो आपल्याकडे क्वचितच घरमालक असतो.

कायद्यांना हे उमगायला किती वेळ लागला, ते एकट्या कॅलिफोर्नियावरून कळते. २००६ मध्ये तिथे पहिला वाय-फाय कायदा झाला. त्याने उत्पादकांना ऑक्टोबर २००७ पासून बनणाऱ्या राउटरवर धोक्याची सूचना चिकटवायला लावले, म्हणजे ग्राहकाला सांगून हात झटकण्याची मुभा दिली. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या दुसऱ्या कायद्याने सूचनेचा नाद सोडला आणि प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड द्या किंवा पहिल्या वापरातच तो बदलायला लावा, असे उत्पादकालाच बजावले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तसाच नियम आहे. अशाने वस्तू महागतील ही ओरड दोन्हीकडे झाली. पण स्टिकर छापण्याचा खर्च आणि हजारो मोडेम एका आठवड्यात बंद पडण्याचा खर्च एकाच पारड्यात घालता येत नाहीत. भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये जोडलेल्या उपकरणांसाठी जी आचारसंहिता काढली, तिची सुरुवातही सगळ्यांना एकच पासवर्ड नको याच कलमाने होते. ती मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही.

पासवर्डाचा प्रश्न असा निम्माशिम्मा सुटत असताना पुढचा उभा राहिलेला आहे. राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडत राहतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ मधलाच दोष उघड केला. दुरुस्त्या निघाल्या, पण ज्या राउटरकडे उत्पादकाने पाठ फिरवली होती त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या नाहीत. ब्रिटनच्या कायद्यात म्हणूनच आणखी एक अट आहे: सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळत राहतील, ते विकतानाच जाहीर करायचे. आपल्याकडे राउटरच्या खोक्यावर कमाल किंमत असते, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, तक्रारीसाठी फोन नंबर असतो. वैधमापन नियमांनी ते सक्तीचे केले आहे. हे यंत्र कोणत्या वर्षापर्यंत सुरक्षित ठेवले जाईल, यासाठी त्या खोक्यावर अजून रकाना नाही.